रंगूवहिनींचा चावरा फ्रिज

दिवेआगरचा येसाजी वायरमन धंद्याने वीजवाला होता आणि स्वभावाने विजेला घाबरणारा. ही भीती त्याने कधी लपवली नाही. "मी भितो म्हणून जिवंत हाय," असं तो छाती फुगवून सांगायचा.

भीतीला कारणही तसंच घडलं होतं. तरुणपणी, गावच्या क्रिकेटच्या सामन्यात, चालू माईकची वायर तो हाताने पिळत बसला होता. झटका बसला आणि त्याच्या तोंडून "आऊऽऽऽ" अशी जी किंकाळी निघाली, ती भोंग्यातून अख्ख्या मैदानावर गेली. समोरच्या संघाचा चांगला जमलेला फलंदाज आपण आऊट झालो असं समजून मुकाट्याने बॅट काखेत मारून चालू लागला. त्यावरून दोन आळ्यांमध्ये जे भांडण झालं ते सोडवायला सरपंचांना मध्ये पडावं लागलं. येसाजीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. तो तिथेच वाळूत बसून आपली बोटं मोजत होता.

तेव्हापासून साधा बल्बचा होल्डर बदलायचा असला तरी येसाजीची तयारी लढाईला निघाल्यासारखी. पायात जाड रबरी चप्पल, चपलेखाली लाकडी पाट, खिशात दोन टेस्टर. "एखादा टेस्टर खोटा बोलतो," तो म्हणायचा. आधी चालू बोर्डात घालून टेस्टरची परीक्षा घ्यायची, मग घराचा मेन स्विच बंद करायचा, वर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे मागून कुणी शहाणा येऊन स्विच चालू करणार नाही. मग पुन्हा टेस्टर लावून करंट खरंच गेलाय ना ते बघायचं, आणि नंतरच कामाला हात. पद्धत सोळा आणे बरोबर होती. घोटाळा एवढाच, की काम झाल्यावर फ्यूज खिशातच राहायचा. येसाजी जेवायला घरी आणि तिकडे लोक पंख्याकडे बघत घाम पुसत बसलेले. त्याची बायको वेणूबाई धुण्याआधी खिसे तपासायची आणि ओरडायची, "आज कुणाचा अंधार घेऊन आलाव?"

तर अशा या येसाजीला बोलवायला एका सकाळी सदाभाऊ पळत आला. सदाभाऊ आणि त्याची बायको रंगूवहिनी यांची नारळ-सुपारीची वाडी, आणि वाडीतच पाहुण्यांसाठी चार खोल्या.

"येसाजी, चल लवकर! आमचा टॉवेल चावला."

"टॉवेल?"

"टॉवेल! पाहुण्या आलेल्या पुण्याच्या क्रांतीमॅडम तारेवर टॉवेल वाळत घालीत होत्या, त्यांना चावला. आणि फ्रिज तर मला रोजच चावतो. रंगूला न्हाय चावत. ती म्हणते, फ्रिजला तुझा राग हाय."

येसाजी पाट काखेत मारून निघाला.

वाडीत पोचला तर क्रांतीमॅडम अंगणाच्या मधोमध, कशालाही हात न लावता उभ्या. रंगूवहिनी त्यांना समजावत होती, "काय न्हाय वो मॅडम, आमच्याकडची हवाच खारट. अंगाला झोंबते." येसाजीला बघून तिचा चेहरा पडला. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्याने फ्रिजला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दुसरा लावला, तोही पेटला. अंगणात येऊन कपड्यांच्या तारेला लावला, तर तिथेही पेटला. येसाजी दोन पावलं मागे सरला आणि तारेला हात जोडावे तसा उभा राहिला.

"कुणी कशाला हात लावायचा न्हाय!" असं ओरडून त्याने मेन बंद केला, फ्यूज खिशात घातला. मग फ्रिज ओढून बघितलं. मागे उंदरांनी वायर कुरतडलेली आणि आतली उघडी तार फ्रिजच्या पत्र्याला टेकलेली. पण असा करंट निसटला तर तो जमिनीत जावा म्हणून अर्थिंगची तार असते. ती कुठे गेली? प्लगातून निघालेली हिरवी तार धरून धरून येसाजी भिंतीबाहेर आला, न्हाणीला वळसा घातला, माडापाशी पोचला आणि थांबला. हिरवी तार कपड्यांच्या तारेला छान गाठ मारून बांधलेली होती.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी," सदाभाऊ अभिमानाने म्हणाला. "वादळात ती तार तुटून अंगणात लोळत होती. कपड्यांची तार जरा तोकडी पडत होती. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?"

"सदाभाऊ, ही तार जमिनीत जायला हवी! तू फ्रिजचा करंट उन्हात वाळत घातलास!"

मग येसाजीने न्हाणीच्या मागच्या ओल्या जागेत खोल खड्डा खणायला लावला आणि मीठ-कोळसा मागितला. रंगूवहिनी मीठ घेऊन आली, वर दोन लाल मिरच्याही आणल्या. "दृष्ट काढायचीच तर रीतसर काढा," ती म्हणाली. अर्थिंगचा खड्डा आहे, दृष्ट नाही, हे तिला पटवता पटवता येसाजीचा घसा सुकला. सळई पुरली, हिरवी तार तिला घट्ट आवळली, कुरतडलेली वायर बदलली. शिवाय करंट निसटला की आपोआप बंद पडणारा स्विच मेनजवळ बसवला. मग खिशातला फ्यूज आठवणीने परत लावून त्या स्विचचं बटण दाबून दाखवलं. खट्! सदाभाऊने टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच आनंदात तो अनवाणी पायांनी आत गेला, फ्रिज उघडला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खरवसाची ताटली काढली आणि उभ्या उभ्या चाटूनपुसून साफ केली.

रंगूवहिनीने कपाळावर हात मारला. "आता कळला का, मी का गप होते? याला साखरेचा आजार. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलाय. मी पायात चप्पल घालून फ्रिज उघडायची, हा कायम अनवाणी. सहा महिने खरवस सुखरूप होता! येसाजीभाऊ, थोडासा करंट परत सोडा. थोडासाच."

"थोडासा नसतो वहिनी! ओल्या पायांनी हात लावला तर माणूस खरवसासकट जायचा!"

"मग दुसरं काय ते करा. आणि ते केल्याबिगर जायचं न्हाय."

येसाजी पाटावर बसून विचार करू लागला. शेवटी पिशवीतून सेलवर चालणारी दारावरची घंटी काढून त्याने फ्रिजच्या दाराला अशी जोडली, की दार उघडलं की वाजलीच. सदाभाऊने संध्याकाळपर्यंत दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा घंटी वाजली, दोन्ही वेळा क्रांतीमॅडम पुढचं दार उघडायला धावल्या, आणि दोन्ही वेळा रंगूवहिनी लाटणं घेऊन मागच्या दारातून आली. तिसऱ्यांदा सदाभाऊ फ्रिजच्या वाटेला गेला नाही.

बातमी वाडीवाडीतून पसरली. कुणाचा नवरा गोडाचा, कुणाचा सासरा लोणच्याचा, कुणाची सून रात्रीचं आइस्क्रीम खाणारी. बायका येसाजीच्या अंगणात येऊन बसायला लागल्या. इतकी वर्षं अर्थिंग करून घ्या म्हणून तो घसा फोडत होता, कुणी ऐकत नव्हतं. आता त्याने सरळ नियमच केला: आधी अर्थिंग, मगच घंटी.

पावसाळ्याआधी अर्ध्या गावात खड्डे खणले गेले. माणसं बिनधास्त फ्रिजला हात लावायला लागली, आणि लावला रे लावला की घराघरातून घंट्या वाजायच्या. वेणूबाईनेही एक बसवून मागितली. येसाजी म्हणाला, "आपल्याकडे काय गरज?" ती त्याच्या मिशीला लागलेल्या श्रीखंडाकडे बघत राहिली.