आत्याचा गुडघा आणि गंजका गिअरबॉक्स

ज्या लातूरला पाणी रेल्वेनं आलं, त्या लातुरात माझ्या गाडीचा गिअरबॉक्स पाण्यानं सडला. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकवलं आहे, दहाव्याच्या मांडवात ऐकवलं आहे आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना ऐकवलं आहे. कुणी विश्वास ठेवत नाही. मग पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

गाडी वडिलांची. पांढरी अँबॅसडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, मागच्या खिडक्यांना पडदे. वडील गेले, गाडी अंगणात राहिली. टंचाईच्या त्या उन्हाळ्यात निलंग्याहून आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण; शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि उभ्या जन्मात कुणाचंही न ऐकलेली बाई. तिच्या बोअरला पाणी टिकून होतं, तेव्हा आहेर म्हणून तिनं साडीऐवजी जीपभर पाण्याचे कॅन आणले. कॅन उतरताना गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. आत्यानं एक नजर वर टाकली.

"घरात ठेवशील तर संध्याकाळपर्यंत वाटून मोकळा होशील," ती म्हणाली. "तुला नाही म्हणता येत नाही, तुझ्या बापाला बी येत नव्हतं. गाडीत ठेव."

मागच्या सीटवर कॅन पाहुण्यांसारखे बसवले, उरलेले पुढं पाय ठेवायच्या जागेत कोंबले, पडदे ओढले आणि कुलूप घातलं. त्या वर्षी आमच्या घरात सोनं उघड्या कपाटात होतं आणि पाणी कुलपात. आत्या उन्हाळाभर कॅन भरून आणत राहिली. कॅन मूळचे गोड्या तेलाचे, बुडाशी झिजलेले. थेंब थेंब पाणी चटईखाली गेलं, तिथून कुजक्या पत्र्यातून खाली उतरलं आणि गिअरबॉक्समध्ये जाऊन मुक्कामाला बसलं. आम्हाला पत्ता नाही. पाऊस झाला, नळ आले, आम्ही कॅन काढले आणि गाडी विसरलो.

गाडी आठवली ती आत्याच्या डाव्या गुडघ्यामुळं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदला, नाहीतर थोड्याच दिवसांत पलंगावरून उठणं मुश्कील. आत्या नाही म्हणाली. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं समजावलं. शेवटी तिनं मला एकट्याला अट सांगितली.

"भाऊची गाडी चालू कर. मग मी गुडघा करते."

"आत्या, गाडीचा आणि गुडघ्याचा काय संबंध?"

"क्लच डाव्या पायानं दाबतात, शहाण्या. गाडीच नसेल तर नवा गुडघा घेऊन काय करू? भाजी आणायला जाऊ?"

ती गाडी चालवायला ह्याच गाडीवर शिकली होती. वडील निलंग्याला आले की शिकवायला शाळेत ती हीच गाडी स्वतः चालवत जायची, तेव्हा निलंग्याच्या बसस्टँडवरची माणसं चहा अर्धा टाकून बघायला यायची. हल्लीच्या गाड्यांना ती खेळणी म्हणते.

मी नवी बॅटरी बसवली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि चक्क चालू झालं. मी क्लच दाबून दांडा ओढला. दांडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, मग पाय टेकवून ओढला. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "मोट हाकून राहिलास का रे?"

नांदेडला एक म्हातारे मिस्त्री आहेत. जुन्या गाड्यांचे वैद्य म्हणून त्यांची ख्याती आहे आणि ती ख्याती ते स्वतःच पसरवतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी टेम्पोत चढवून मी अहमदपूर, लोहा करत त्यांच्या दारात उतरवली. चाचांनी गिअरबॉक्स उतरवला, झाकण उघडलं आणि मला हाताला धरून जवळ नेलं, मयताचं तोंड दाखवायला नेतात तसं. आत विटकरी रंगाचा चिखल होता. त्यात दात खाल्लेली दोन चाकं आणि देवी आल्यासारखा खड्डे पडलेला एक दांडा.

"साब, ह्याच्यात तेल टाकायचं असतं," चाचा म्हणाले. "तुम्ही काय, हौद केला?"

मी कॅनची गोष्ट सांगितली. चाचा इतके हसले की खुर्ची आणवून बसले. मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, जुन्या गाड्यांच्या भंगारातून तस्सेच भाग हुडकायचे आणि हाच गिअरबॉक्स पुन्हा बांधायचा. दोन, त्यांच्याकडं पडलेला एका जीपचा गिअरबॉक्स जुळवून बसवायचा. तो आठवड्यात होईल, पण त्याचा दांडा खाली, दोन सीटच्या मध्ये येणार.

"आणि जुने भाग कधी भेटतील?"

"भेटतील. न्हाई भेटणार असं न्हाई. पन कधी, ते अल्लाला म्हाईत. तो सांगत न्हाई, आन् मी विचारत न्हाई."

आता इथं कुणीही शहाण्या माणसानं जीपचा गिअरबॉक्स बसवला असता. पण मला झटका आला होता. वडिलांची गाडी, तिच्या पोटात परक्याचं आतडं घालायचं? मी चाचांच्या दुकानात उभं राहून अस्सलपणावर भाषण केलं. पंक्चर काढायला आलेल्या एका गृहस्थानं शेवटी टाळीही वाजवली. चाचांनी मान डोलावली आणि जुने भाग हुडकायला माणसं लावली.

मग वाट बघणं सुरू झालं. भोकरहून निरोप आला, भाग सापडला. मी धावत गेलो. तो ट्रॅक्टरचा निघाला. पुढं कुणी हैदराबादचं नाव घेतलं, कुणी सोलापूरचं. मी गावोगाव ग्रीस लागलेल्या लोखंडाकडं जाणकारासारखं बघायला लागलो. खरं सांगायचं तर मजा येत होती. सांगायला रोज नवी गोष्ट मिळत होती.

बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमची हौस चाललीय आणि आत्याबाईंचा गुडघा भंगाराच्या दुकानात पडलाय."

"अगं, अस्सल म्हणजे काय हे तुला..."

"मला नका सांगू. निलंग्याला जाऊन त्यांना सांगा."

गेलो. वाटेत भाषण पुन्हा घोकलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या आतून म्हणाली, "बस, चहा टाकते." आणि मग खर्र, खर्र असा आवाज आला. प्लास्टिकची खुर्ची पुढं ढकलायची, तिच्यावर भार द्यायचा, एक पाऊल टाकायचं, पुन्हा खुर्ची ढकलायची. अशी ती स्वयंपाकघरातून येत होती. खुर्चीच्या बैठकीवर चहाचा कप होता आणि अर्धा चहा बशीत सांडला होता. पलंगापासून चुलीपर्यंत फरशीवर खुर्चीच्या पायांचे चरे उठले होते, रुळासारखे. खूप दिवसांचे असणार.

माझं भाषण तिथंच बसलं. तरी तिनं विचारलं म्हणून मी गिअरबॉक्सचं सगळं सांगितलं. अस्सल भाग, वडिलांची आठवण, जीपचं परकं आतडं. ती बशीतला चहा पीत ऐकत होती.

"जीपचा बसवला तर गाडी चालते?" तिनं विचारलं.

"चालते. पण दांडा खाली येतो. तुला सवय नाही, आणि गाडी मग ती..."

"डॉक्टर मला जो गुडघा घालणार तो कशाचा असतो?"

"स्टीलचा."

"तो काय आपल्या घराण्यातला असतो का?"

मी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मला परका गुडघा चालतो आणि गाडीला परका गिअरबॉक्स चालत नाही? लई मोठ्या घरची गाडी दिसतेय." तिनं बशी खुर्चीवर ठेवली. "त्या चाचाला फोन लाव."

मी फोन लावून दिला. आत्या आणि चाचा आधी कधी बोललेले नव्हते, पण पहिल्या मिनिटातच दोघं माझ्यावर हसत होते. शेवटी आत्या म्हणाली, "आणि स्टिअरिंगखालचा जुना दांडा काढू नका हं. शोभेला राहू द्या. माझ्या हाताला तिथं काहीतरी लागेल."

गाडी चाचांनी म्हटल्याप्रमाणं झाली. आत्यानं शब्द पाळला आणि त्याच आठवड्यात लातूरच्या दवाखान्यात दाखल झाली. तिथं फिजिओथेरपीच्या मुलीला तिनं पाय कसा दाबायचा ते स्वतः शिकवलं: आधी पूर्ण, मग हळू सोडायचा, झटका द्यायचा नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही गाडी निलंग्याजवळच्या साखर कारखान्याच्या मोकळ्या तळावर नेली. हंगाम संपला होता, उसाच्या गाड्या गेल्या होत्या, चिपाडं तेवढी उडत होती. आत्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, बायको मागं. आत्यानं पदर खोचला, डावा पाय क्लचवर ठेवला आणि सवयीनं हात स्टिअरिंगखालच्या दांड्यावर नेला. त्या दांड्याला आता खाली काहीच जोडलेलं नव्हतं.

"आत्या, गिअर इकडं आहे. खाली."

"तिकडं तू आहेस ना. तू टाक."

तिनं क्लच दाबला, शोभेचा दांडा मोठ्या ऐटीत ओढला आणि म्हणाली, "पहिला." मी खालचा पहिला टाकला. गाडी हलली. पाय हळू सुटला, झटका बसला नाही. थोडं पुढं जाऊन पुन्हा क्लच, पुन्हा वरचा दांडा.

"दुसरा."

मी टाकायला गेलो तो आतून खर्रर्र असा आवाज आला.

"उशीर करून राहिलास तू," आत्या म्हणाली. "दांडा ओढायच्या आधी टाकायचा असतो का नंतर?"

"तुझा दांडा खोटा आहे, आत्या."

"पण हुकूम खरा आहे. तिसरा."

तिसरा बरोबर पडला. कारखान्याचा रखवालदार हातातला चहा तसाच धरून बघत उभा राहिला. आत्यानं ते पाहिलं आणि त्याच्यापुढून मुद्दाम आणखी एक चक्कर मारली. मग आरशात मागं बघितलं. बायको पाण्याची बाटली पायाशी ठेवत होती.

"सूनबाई," आत्या म्हणाली, "ती बाटली खाली ठेवू नकोस. मांडीवर धर."