दोन हातांचा जबाब

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पोलिसात असताना तू कधी चुकलीस का?" मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर घर फार शांत झालं, म्हणून लिहायला बसले.

ते प्रकरण मी विसरलेली नाही. कर्नाटकात गणेशगुडीला माझी नेमणूक होती, तिथं एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. घरी रंगकाम चालू होतं. शेजाऱ्यानं खबर दिली, की रंगारी फोनवर म्हणत होता, "आतल्या खोलीत दोन हात मारले, तिसरा मारून निघतो."

मी त्याला ठाण्यात आणवलं.

"आतल्या खोलीत हात मारलास?"

"व्हय की मॅडम. दोन मारले."

"कबूल?"

"खोटं कशाला बोलू?"

मी कानडीत जबाब लिहिला : दोनदा चोरी केली. त्याला कानडी बोलता येई, वाचता येत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवून त्यानं सही केली.

मग बाकावर बसून तो भिंतीकडे बघत हवालदाराला म्हणाला, "साहेब, हितं एकाच हातावर भागवलंय. अजून एक मारायला पायजे."

हवालदार हसला. "बघा मॅडम, ठाण्यातबी हात मारतोय!"

मला मात्र हसू आलं नाही. "हात म्हणजे काय रे?"

"रंगाचा हात, मॅडम. भिंतीला एकदा रंग लावला, की एक हात झाला."

मी तडक म्हातारीकडे गेले. रंगासाठी कपाट हलवताना काय काय कुठं ठेवलं, ते एकेक करून आठवायला लावलं. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. ती रडायला लागली.

"आणि तिसरा हात कशाला हवा होता?" मी विचारलं.

"नको होता गं बाई. मीच मार म्हणलं. तेवढाच एक दिवस घरात माणूस बोलतं."

रंगाऱ्याला संध्याकाळी सोडलं. जबाब चुकीचा होता, हे मी लिहून ठेवलं. त्याची माफी मात्र मागितली नाही. वर्दीत असताना ते जमलं नाही. तो परत म्हातारीकडे गेला नाही. शेजारच्या दोन घरांनी ठरलेलं कामही काढून घेतलं, तेव्हा तो रामनगरला गेला.

त्यानंतर मी समोरच्याला त्याच्या शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय एकही जबाब लिहिला नाही. पण ती शिस्त त्याच्या उपयोगाची नव्हती. तो निर्दोष होता हे गणेशगुडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तिथं त्याला अजून हातमाऱ्याच म्हणतात.