टाकीचं झाकण

तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात मी चोवीस वर्षं देखभाल विभागात आहे. एखादा पंप दुरुस्त करायचा की भंगारात काढून नवा आणायचा, हे ठरवणं माझं काम. त्यात माझा लौकिक आहे. पंपाभोवती एक चक्कर मारतो, हात ठेवून थरथर बघतो आणि सांगतो, "काढा." माझ्या माघारी लोक मला 'काढासाहेब' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

हाच मी घरच्या गाडीपुढे मात्र दोन वर्षं हात बांधून उभा होतो.

गाडी लहान, पांढरी, तेरा वर्षांची. मागचं डावं दार आतून उघडत नसे. मागे कोणी बसलं असलं की मी उतरून, वळसा घालून बाहेरून दार उघडायचो, आणि पाहुण्यांना वाटायचं, काय अदब आहे या माणसाला! एसी फक्त उतारावर गार वारा द्यायचा. हे सगळं आम्ही चालवून घेत होतो. पण दोन वर्षांपूर्वी तिला एक नवीनच खोड लागली. अर्धा तास नीट चालायची, मग आचके देऊन बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेली तर अगदी शहाण्यासारखी वागायची, कारण गॅरेज आमच्या घरापासून सात मिनिटांवर.

गॅरेजवाले चाचा जुने, पनवेल गावातले. त्यांनी आधी फिल्टर बदलला, मग प्लग, मग पेट्रोलचा पंप. दर वेळी घरी येऊन मी बायकोला सांगायचो, "झालं. आता बघायला नको." बायको शाळेत गणित शिकवते. ती मान हलवायची, पण ती मान मुलाने चुकीचं उत्तर काढल्यावर हलवतात तशी असायची.

मग नेऱ्याचा प्रसंग घडला. माझ्या एका सहकाऱ्याने तिकडे फार्महाऊस बांधलं होतं आणि वास्तुशांतीचं जेवण होतं. बायकोने जांभळी रेशमी साडी नेसली होती. वाटेत दोन ठिकाणी थांबलो, मिठाई घेतली, आणि सुकापूर मागे टाकून नेऱ्याच्या अलीकडच्या चढावर पोचलो तेवढ्यात गाडीने आचके दिले. रस्त्याच्या मधोमध. मागे खडीचा डंपर, त्याचा हॉर्न चालू.

"उतरा आणि ढकला," बायको म्हणाली.

"स्टिअरिंगला जाणकार माणूस लागतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. ती उतरली, पदर खोचला आणि ढकलायला लागली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, म्हणून मी आरसा जरा वर केला. डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग आत बसलेल्या माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, आणि तिच्या शेजारी उभा राहून त्याने गाडी कडेला लावून दिली. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

परतताना बायको म्हणाली, "रविवारपर्यंत ठरवा. नीट दुरुस्त करा नाहीतर विका. नाही ठरलं तर पुढच्या वेळी आत मी बसणार."

मी लगेच कामाला लागलो. कारखान्यात आम्ही ज्या नमुन्यात अहवाल लिहितो त्याच नमुन्यात गाडीचा अहवाल लिहिला. यंत्राचं वय, बिघाड किती वेळा, सुटे भाग मिळतात का, चालवणाऱ्याच्या सुरक्षिततेला धोका आहे का. निष्कर्ष स्वच्छ होता: काढा. मी पाच मिनिटं त्याकडे बघत बसलो आणि मग खाली लिहिलं, 'पुनर्विचारासाठी परत.' कोणाकडे परत? माझ्याकडेच. त्याखाली सहीसुद्धा केली. दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर सापडला तेव्हा त्यावर लाल पेनाने शेरा होता, 'उत्तर बरोबर आहे. शेवटची ओळ खोडा.'

माझी शेवटची आशा चाचांवर होती. ते तरी म्हणतील, साहेब, अजून पाच वर्षं बघायला नको. मी तसं सुचवूनही बघितलं. चाचांनी हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, गाडीची तब्येत माशाल्ला ठीक आहे. मला फिकीर तुमच्या तब्येतीची वाटते. विकून टाका." ज्या आवाजात मी पंपांना निरोप देतो त्याच आवाजात ते बोलले.

मग आम्ही शोरूमला गेलो. तिथल्या सेल्समनने मला 'सर' म्हणत चकचकीत गाडीत बसवलं. किल्ली लावायला भोक शोधत मी बराच वेळ चाचपडलो, मग त्याने हलकेच एक बटण दाखवलं. गाडीला क्लच नव्हता. हे त्याने तीनदा सांगितलं आणि मी तीनदा "हो हो" म्हटलं. पहिल्याच वळणावर माझ्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला, त्याला ब्रेक सापडला, आणि तो त्याने जीव खाऊन दाबला. बायकोचा चष्मा पुढे डॅशबोर्डवर. सेल्समन मागच्या सीटवरून पुढे येऊन माझ्या खांद्याला मिठी मारल्यासारखा. गाडीतून एक बाई गोड आवाजात इंग्रजीत मला काहीतरी समजावत होती. परतताना गाडी सेल्समनने स्वतः चालवली.

शेवटी जुनी गाडी विकायची जाहिरात टाकली, आणि रविवारी सकाळी उरणहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, कोळी, मासळीचा धंदा, भाड्याचा टेम्पो स्वतः चालवणाऱ्या. नवरा होडी घेऊन समुद्रावर होता. पनवेलच्या बाजारात मासळी आणायला त्यांना स्वतःची लहान गाडी हवी होती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटवर हात ठेवला. मला उगाचच धस्स झालं.

मी प्रामाणिकपणाचा आव आणून दोष सांगायला लागलो. खरा हेतू त्यांनी निघून जावं हाच होता.

"ताई, हे मागचं दार आतून उघडत नाही."

"म्हावरं काय आतून दार उघडनार हाय?"

"एसी जवळपास बंदच आहे."

"बर्फ मीच घेऊन बसनार हाय, भाऊ. तुमाला गाडी इकायची हाय का नाय?"

बायको हसली. मी सोडून सगळ्यांनाच मजा येत होती. भाव ठरला. त्यांनी कनवटीचे पैसे काढून विसार बायकोच्या हातात ठेवला. आता माझ्याकडे एकच हुकमी दोष उरला होता. म्हटलं, "ताई, ती अर्धा तास चालून बंद पडते. आधी चालवून तर बघा."

त्या चालवायला बसल्या, मी शेजारी, बायको मागे. पळस्प्याच्या पुढे गेलो आणि गाडीने माझी लाज राखली. आचके दिले आणि बंद पडली. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे बघितलं. त्या उतरल्या, बॉनेटकडे ढुंकूनही न बघता मागे गेल्या आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सोडावॉटरची बाटली फोडावी तसा फुस्स आवाज आला.

"आता चालू करा," त्या म्हणाल्या.

मी शेजारूनच हात लांबवून किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला सुरू.

"झाकनातला हवेचा भोक बुजलाय. पेट्रोल जातंय आन हवा आत येत नाय. आमच्या होडीचा इंजिन पन असाच मरतो, झाकनाची हवा सोडायची इसरलो तर. नवीन झाकन लावा, झाला."

दर वर्षी कारखान्यात नव्याने भरती झालेल्यांना मी एक तास शिकवतो. विषय: टाकीला श्वास घेऊ द्या. हवेची वाट बंद असताना टाकीतून द्रव ओढलात तर आत पोकळी होते आणि लोखंडी टाकीसुद्धा डब्यासारखी चेपते. चेपलेल्या टाकीचं चित्रही दाखवतो. प्रश्न विचारतो. आणि घरची टाकी दोन वर्षं गुदमरत होती, आणि मी फिल्टर, प्लग, पंप बदलून घेत होतो.

पण त्याहून वाईट पुढे झालं. परतीच्या वाटेवर लाज ओसरली आणि तिच्या जागी हाव आली. एक झाकण बदललं की गाडी ठणठणीत! मग विकायची कशाला? घरी पोचल्यावर मी घसा साफ केला. "ताई, मी काय म्हणतो, अजून एकदा विचार करावा म्हणतोय..."

त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मी गप रायले असते तर, भाऊ?"

त्या खरंच गप्प राहू शकल्या असत्या. भाव बिघडलेल्या गाडीचा ठरला होता, आणि बिघाड कशाने होतो हे फक्त त्यांनाच कळलं होतं. बायको आत गेली, खिळ्यावरची दुसरी किल्ली घेऊन आली आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. "घ्या तुम्ही. यांचं ठरायला आणखी दोन वर्षं लागतील."

मग माझ्याकडे वळून, हळू पण मला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लाज वाटू द्या थोडी."

वाटली. कागदपत्रांच्या कामाला मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेलो, रांगेत मीच उभा राहिलो आणि नवीन झाकणही माझ्या हाताने बसवून दिलं. एवढ्याने काही भरून निघालं नाही, पण त्यांनी चहा पाजला. गाडी उरणच्या दिशेने गेली तेव्हा मी हात हलवला. त्यांना वाटलं, थांबायला सांगतोय. थांबल्या, काच खाली करून विचारलं, "काय राह्यलं का?" मी म्हटलं, "काही नाही."

नवीन कोणती घ्यायची यावर मी तक्ता बनवायला घेतला. सात गाड्या, प्रत्येकीचे अकरा गुण. तिसरा महिना उजाडला तरी तक्ता चालूच होता. मग एका दुपारी बायको शाळेतून येताना विजेवर चालणारी स्कूटर घेऊनच आली. मला विचारलंही नाही. मला दुचाकी जमत नाही, त्यामुळे आता मी मागे बसतो, मांडीवर भाजीची पिशवी आणि डोक्यावर तिनेच निवडलेलं पिवळं हेल्मेट. सोसायटीतले लोक नमस्कार करतात. नमस्कारात जरा जास्तच आपुलकी असते.

मागे बसल्यावर आजूबाजूला बघायला वेळ मिळतो. परवा माझ्या लक्षात आलं की आमच्या सेक्टरच्या रस्त्याला ओळीने बहाव्याची झाडं आहेत, आणि सगळी फुलली आहेत. मी बायकोला ओरडून सांगितलं.

"सोळा वर्षांपासून आहेत," ती म्हणाली. "आणि वळणावर हलू नका."