ऊन असताना गेलेली लाईट

आमच्या बुवापाड्यात ग्रिड हा शब्द कुणी वापरत नाही. इथे लाईट असते, नाहीतर गेलेली असते. मी विजेच्या प्रश्नावर पत्रकं काढतो, त्यांत ग्रिड लिहितो आणि बायका त्याच पत्रकांवर भाजी निवडतात.

बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर बसला तेव्हा विकणाऱ्याने गेटवर बोर्ड लावला, 'आता लाईट जाणारच नाही'. शेजारच्या मावशीने तो खरा मानला. तिचा नवरा, आमचे काका, केमिकल कंपनीत फुप्फुसं संपवून घरी बसलेले. नाकात नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन. त्यासाठी ठेवलेली इन्व्हर्टरची बॅटरी मावशीने उल्हासनगरच्या भंगारवाल्याला देऊन टाकली.

"सोलर आलाय. आता हिची काय पूजा घालू?"

मग एप्रिलमधल्या एका दुपारी लाईट गेली. गच्चीवर पाय ठेववत नव्हता असं ऊन, आणि मशीन बंद. बाहेरच्या लाईनला जोडलेला असा सोलर, लाईन मेली की आपोआप बंद पडतो. नाही पडला तर उलटा करंट लाईनवर जातो आणि खांबावरचा माणूस मरतो. हे बोर्डावर कुठेच नव्हतं.

घरात ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता, तोही अर्धा. तो काकांना लावून मी वीज कार्यालयात फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "तिकडे मोठ्या सोलर प्रकल्पांवर अचानक ढग आलेत. तोल सांभाळायला तुमची लाईन काढलीय. बंदच आहे तर तारांचं कामही उरकून घेतायत."

तोल मला कळतो. ज्या क्षणाला जेवढी वीज बनते तेवढीच वापरली जायला हवी, नाहीतर सगळंच बसतं. पण काढायची वेळ आली की दर वेळी आमचीच लाईन? उन्हाची वीज वाढवत नेलीत, मग ती साठवायच्या बॅटऱ्या आधी बसवायला कुणी हात धरला होता?

मावशीचा भाचा वायरमन. तो पक्कड घेऊन गच्चीवर आला. "एक सेफ्टी काढतो, सोलर चालू. टेन्शन नाही लेने का."

"समोर बघ," मी म्हटलं.

नाक्यावरच्या खांबावर लाईनमन चढलेला होता. मावशीनेही पाहिला. ती कठड्याला टेकून ओरडली, "ए भाऊ, खाली उतर की जरा."

"उतरलो तर लाईट कोण देणार, मावशी?"

भाचा म्हणाला, "मावशी, तू बोल. काढू का?"

ती खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खाली चल. रिक्षा बोलव."

आम्ही काकांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. सिलिंडर मी उचलला होता. उल्हासनगरच्या वाटेवर त्याचा काटा खाली टेकला. हॉस्पिटलच्या दारात काकांना आत घेतलं तेव्हा त्यांची बोटं निळी होती. ते परत आले नाहीत.

बोर्ड अजून गेटवर आहे. परवा मी नवं पत्रक लिहिलं, 'ग्रिडच्या तोलाचा भार कुणावर?' मावशीने ते हातात घेतलं, वाचलं. या वेळी त्यावर भाजी निवडली नाही.

"तोल, भार, काय लिहितोस रे? वजनकाट्याचं दुकान आहे का? सरळ लिही, लाईट काढायच्या आधी विचारा, या घरात मशीनवर कोण आहे."

तेच आता पहिल्या ओळीत छापलंय.