अंबालालभाई आणि आमच्या शाखेच्या घटनेतून खोडलेले कलम

ब्राह्मणपुरीचे अंबालालभाई यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे. आमच्या बोर्डिंगच्या बंधुमंडळाची नंदुरबार जिल्हा शाखा त्यांनी उभी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. ती कशी उभी राहिली, हे मात्र त्या वेळी हजर असलेल्यांपैकी कोणी तरी लिहायला हवे. त्यात माझी एक चूकही आहे. म्हणून मीच लिहितो.

भाईंची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या बोर्डिंगमधल्या जेवणघरात झाली. मी कळसाडीहून नुकताच आलो होतो. सकाळी वर्गात हजेरीला माझ्या तोंडून अहिराणीत “हाजर शे” असे निघाले आणि सारा वर्ग हसला. संध्याकाळी मी मान खाली घालून जेवत होतो. शेवटच्या वर्षाला असलेले भाई माझ्यासमोर येऊन बसले.

“कोन्ता गावना तू?” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

“कळसाडीना.”

“मंग घरनाच शे. रोज आठेच बस.”

मी रोज तिथेच, त्यांच्यासमोर बसू लागलो. शहरातली मुलेही शेजारी जेवत. भाई वर्षभर त्यांच्यादेखत माझ्याशी अहिराणीतच बोलले. माझी मान हळूहळू वर आली.

बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या मुलांचे ते बंधुमंडळ. तिथे आलेला प्रत्येक मुलगा पहिल्याच दिवशी त्याचा सभासद होई आणि सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याच्या हातून पहिली भाकरी घेई. शिक्षण संपवून आम्ही पांगलो. भाई ब्राह्मणपुरीला केळी आणि कापूस करू लागले, मी हायस्कुलात मास्तर झालो. वीसेक वर्षांपूर्वी नाशिकच्या मंडळाचे पत्र आले: माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यात शाखा काढाव्यात. भाईंनी त्याच आठवड्यात मला बोलावून घेतले. शाखेची घटना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मी मोठ्या हौसेने ती लिहिली. सभासदत्वाच्या कलमात ‘पदवी घेऊन बाहेर पडलेला बंधू’ असे शब्द घातले. माझ्यातल्या मास्तराला ते शोभिवंत वाटले.

भाईंनी कागद दोनदा वाचला.

“हाई कलम कोनी लिखं?”

“मी लिखं, भाई.”

“मंग रायसिंगले तूच वाची दखाड.”

रायसिंगदादा आमच्या वेळचे मेस सेक्रेटरी. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेले, गणितात सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या वर्षाला वडील वारले आणि ते घरी परतले ते परतलेच. शाखा निघाली तेव्हा ते तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जीप चालवत. त्यांच्याकडे जाण्याला दुसरेही कारण होते. बोर्डिंगची जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्ली होती. जिल्ह्यातले कोण कोण तिथे राहिले, हे नाशिकलाही सांगता येत नव्हते. ते रायसिंगदादांनाच माहीत असेल, असे भाईंचे म्हणणे.

तळोद्याच्या जीप स्टँडवर ते आम्हाला भेटले. जीप निम्मी भरली होती. त्यांनी भाईंना मिठी मारली, माझा हात दोन्ही हातांत घेतला. भाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी कागद काढला आणि ते कलम वाचले.

रायसिंगदादा रागावले नाहीत. “बरोबर आहे मास्तर,” ते म्हणाले. “मी कुठं पदवी घेतली? पण नावं पाहिजे ना तुम्हाला? लिहा.”

बॉनेटला टेकून ते सांगू लागले. सारंगखेड्याचा शांताराम, याला वरण चालत नव्हतं. धडगावचा भामटा (हे त्याचे खरेच नाव), तीन भाकरी खाऊन चौथी खिशात नेई. प्रकाशाचा यशवंत, सोमवारी उपास, मंगळवारी दुप्पट. कुणाचे गाव, कुणाची खोली, कुणाचा आजार, सारे ओळीने. जीपमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पावरी बोलीत त्यांना हाक मारली. ते त्यांना काहीतरी समजावून पुन्हा आमच्याकडे वळले. मी लिहीत राहिलो. दोन पाने भरली.

“झाली,” ते म्हणाले.

स्वतःचे नाव त्यांनी घेतले नव्हते.

माझ्या हातातला पेन थांबला. भाई त्या सगळ्या वेळात एक अक्षर बोलले नाहीत. मला लाज वाटावी असेही त्यांनी काही केले नाही. ती मला आपोआपच वाटली. मी तिथेच बॉनेटवर कागद ठेवला, ‘पदवी घेऊन’ हे शब्द खोडले आणि यादीच्या वर रायसिंगदादांचे नाव लिहिले.

“दादा, सही करा.”

“मास्तर, नियम?”

“नियम मी लिहिला होता. मीच खोडला.”

त्यांनी सही केली, डोळे पुसले आणि जीप चालू केली.

गोष्ट तिथे संपली नाही. घटना आणि यादी मंजुरीला पाठवली, तेव्हा नाशिकहून उत्तर आले की, पदवी नसलेल्यांना घेता येणार नाही, इतर जिल्ह्यांनीही तोच नियम धरला आहे. आमच्यातले काही जण म्हणाले, एका नावासाठी शाखा कशाला अडवायची? भाईंनी वाद घातला नाही. ते वार्षिक सभेसाठी नाशिकला गेले, सोबत मला नेले. भाषणाची त्यांना सवय नाही. तरी उभे राहिले.

“पहिल्या दिवशी भाकरी वाढताना आपण कोणाला पास होशील का म्हणून विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “आज विचारायचं असेल, तर आमच्या यादीतलं पहिलं खोडायचं नाव माझं. मग बाकीचे बघा.”

मागच्या रांगेतून कोणी तरी उठून म्हणाले, “माझंही खोडा.” पाठोपाठ आणखी काही जण उठले. त्या दिवशी नियम साऱ्या जिल्ह्यांसाठी बदलला.

आमच्या शाखेची पहिली बैठक भाईंनी आमच्या सोयीच्या शहाद्याला न घेता रायसिंगदादांच्या तळोद्याला घेतली. अध्यक्षपद त्यांनी घेतले नाही. दरवर्षी जूनमध्ये डोंगरातून प्रथमच कॉलेजला निघालेल्या मुलामुलींना सोडायला आमचा एक सभासद सोबत जातो, ही रीत त्यांचीच. शिक्षण अर्धवट टाकून परतलेल्यांच्या घरी ते स्वतः जातात. त्यातले कित्येक जण पुन्हा परीक्षेला बसले. जे बसले नाहीत, तेही आमच्या पंगतीला असतात.

माझ्या पत्नीचे निधन झाले तेव्हा भाई तेरा दिवस रोज सकाळच्या एसटीने कळसाडीला येत. ओट्यावर माझ्याशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत आणि दाणे माझ्यापुढे सरकवत. त्या दिवसांत माझ्या पोटात जे गेले, ते तेवढेच.

भाईंचा एक हट्टही नोंदवला पाहिजे. या गौरवग्रंथाला त्यांचा विरोध होता. “जित्ता माणूसवर कसाले लिखी ऱ्हायनात?” असे म्हणून त्यांनी फोटो द्यायलाही नकार दिला. शेवटी फोटो रायसिंगदादांनी भाईंच्या घरून न विचारता आणला. वयामुळे जीप सोडलेले दादा आता आमच्या शाखेचे अध्यक्ष आहेत. भाई त्यांना सभेत ‘अध्यक्षसाहेब’ म्हणतात आणि बाहेर आल्यावर शिव्या देतात.

अंबालालभाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, केळीला वारा न लागो. यात आम्हा सर्वांचा स्वार्थ आहे. कागदावर कोणते शब्द जास्तीचे आहेत, हे न बोलता दाखवणारा माणूस आमच्यात एवढा एकच आहे, आणि लिहिणारे आम्ही पुष्कळ आहोत.