दगडावर ओतलेलं पाणी

माझी सून अमेरिकन. तिच्या खापरपणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ती आम्हाला मक्याच्या शेतांमधल्या एका जुन्या कबरस्तानात घेऊन गेली. दगड सापडला, पण अक्षरं झिजलेली. सुनेने बाटलीतलं पाणी ओतलं, तशी ती उमटली.

मुलगा वाचून म्हणाला, "जॉनची बायको. एवढंच आहे."

सुनेचा चेहरा उतरला.

"नवऱ्याचं नाव कोरलं, झालं काम," मी म्हटलं.

"आई, इथे तरी गप्प बस."

"का? ही उठून भांडणार आहे?"

उन्हात दगड वाळला आणि अक्षरं पुन्हा गेली. आमच्यात तर दगडही नसतो. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा जुनं गेलं. त्या नावाने हाक मारणारा शेवटचा माझा भाऊ. मुलगा जन्मायच्या आधीच तो गेला, तेव्हापासून घरात कुणी नसलं की मीच ते स्वतःशी म्हणते.

सुनेने मोडक्या मराठीत विचारलं, "आई, तुमचं पहिलं नाव? लग्नाआधी?"

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"ठकू," मी सांगितलं.

तिने हाक मारून पाहिली. तिला ठ म्हणता आला नाही. तरी मी ओ दिली.