टायपिंगच्या सरांचा टीव्ही-गेम

"नजर कागदावर! बोटांना त्यांचे डोळे असतात," असं म्हणत सर लाकडी पट्टी टेबलावर हाणायचे. आमच्यापैकी कुणीतरी टाइप करताना बटणांकडे पाहिलेलं असायचं. भिवंडीतल्या त्यांच्या टायपिंग क्लासच्या खालीच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. खाली लूमची खटखट, वर आमची. तरी एका बोटाची चूक सरांना बरोबर ऐकू यायची. असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील. जन्मभर त्यांची भीती वाटते आणि जन्मभर त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला मानावंसं वाटत नाही.

पुढे कॉम्प्युटर आले, पोरं तिकडे गेली. सरांची सहाही मशीनं भंगारवाल्याने नेली. मी तोवर राहनाळच्या एका गोदामात कामाला लागले होते. तिथे कॉम्प्युटरवर मालाच्या एंट्रीला माणूस हवा होता, ते सांगायला मी कोन गावी सरांच्या घरी गेले. दारातून पाहते तर काय, सर टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले, मांडीवर कीबोर्ड आणि शेजारी पाटावर माऊस!

भाच्याचा जुना टीव्ही-गेम होता तो. कीबोर्डच्या खोबणीत कॅसेट खुपसायची, वायर टीव्हीला लावायची, की झालं. एका खेळात वरून इंग्रजी अक्षरं पडायची, ती जमिनीला टेकायच्या आत तेच बटण दाबायचं. त्यात सर हरत नसत. दुसऱ्यात माऊसने पक्षी टिपायचे. तिथे मात्र पक्षी मजेत उडून जायचे.

मला पाहून त्यांनी घाईने कीबोर्डवर टॉवेल टाकला. "कॉम्प्युटर क्लासला बसलो तर शेजारी माझेच विद्यार्थी," ते म्हणाले. "म्हणून घरीच शिकतो."

मी गोदामातल्या कामाचं सांगितलं. निघताना काकू, म्हणजे सरांची बायको, दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "क्लास बंद झाल्यापासून कुणाशी बोलत न्हाय. हे काम न्हाय मिळालं ना, तर मानूस खचल गं."

कामासाठी टायपिंगची परीक्षा होती. त्या दिवशी गोदामाच्या शेठनी आधीच बजावलं, "किसीने बताया, तो फेल." आणि गेटवरच सरांनीही मला दम भरला. "आत मी तुझा सर न्हाय. सांगायचं काय न्हाय."

रोज बाराला आमच्याकडे लाइट जायची, त्याआधी यादी संपवायची होती. साडेअकराला सर बसले. कागदावर खोक्यांची यादी होती, प्रत्येक ओळीत मालाचं नाव आणि नग. सरांची बोटं सुटली. दारात फोनवर बोलणाऱ्या शेठनी नुसत्या आवाजावरच मान डोलावली. मी पडद्याकडे पाहिलं. नगांच्या रकान्यात आकडा नसेल तर चौकट लाल व्हायची. अर्धा रकाना लाल झाला होता.

क्लासातल्या जुन्या टायपिंग मशीनवर एक या आकड्याचं बटणच नव्हतं. एक हवा असेल तर इंग्रजी छोटा एल दाबायचा, हे सरांनीच शिकवलेलं. तीस वर्षं त्यांच्या बोटांनी तेच केलं. टीव्ही-गेममध्ये नुसती अक्षरं पडायची, आकडे नाहीतच. नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही हीच चूक करून शेठच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि सरांना सांगायचं विसरले. मला माझाच संताप आला. आणि सर कसले वर बघतात! नजर कागदावर.

पावणेबारा झाले. तोंड उघडलं तर सर फेल, नाही उघडलं तरी फेल. माझ्या टेबलावर स्टीलची पट्टी होती. मी ती उचलली आणि टेबलावर हाणली.

"क्या हुआ?" शेठ दारातून ओरडले.

"मच्छर, शेठ."

सरांनी दचकून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी चक्क बटणांकडे पाहिलं, आणि वरच्या ओळीतलं एकचं बटण त्यांना सापडलं.

त्यांनी माऊस धरला. पहिल्या दोन चौकटी निसटल्या. मग त्यांनी पाटावर टेकवायचे तसं मनगट टेबलावर टेकवलं, श्वास रोखला आणि एकेक लाल चौकट टिपायला घेतली. क्लिक, आकडा. क्लिक, आकडा. मी घड्याळ बघत होते. हातातली पट्टी घामाने ओली झाली होती. शेवटची चौकट पांढरी झाली तेव्हा शेठ मागे येऊन उभे होते. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ठीक है मास्तर, उद्यापासून या," ते म्हणाले, आणि लाइट गेली.

गेटवर सर माझ्यावर उखडले. "वर्गात असं केलं असतंस तर बोटांवर बसली असती!" चार पावलं गेले, परत आले. "आणि पट्टी आडवी हाणायची. आवाज मोठा येतो."

पाच वर्षं सर आमच्याकडे होते. यादीत एक आला की ते बटण इतक्या जोरात दाबायचे, की पार टोकाला खोकी उतरवणारे माथाडी हसायचे. मग एका उन्हाळ्यात सर वारले. पुढे नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा जुना कीबोर्ड मी शेठकडून मागून घेतला. त्याच्यावरची बाकीची बटणं फिकी का होईना, वाचता येतात. एकचं तेवढं पार कोरं झालंय.